सव्वा मण भरेपर्यंत

दादा,

भेटायला येणारा जो तो मला एकच सांगतोय, की तू फार कमी बोलायचास. "शब्द तोलून वापरणारा माणूस," असं म्हणून परवा तुझे आडतीचे शेटजी डोळे पुसत होते. मी मान हलवली. दुखवट्याच्या घरात मान हलवायचीच असते. पण मनात म्हणलं, हे नक्की कुणाला भेटायला आलेत? आपल्या घरात तर तुझ्या प्रश्नांपायी माणसाचा घास हातातच राहायचा.

हे तुला काय सांगायचं, पण माझी सून, म्हणजे तुझी भाचेसून, तू आमच्याकडं राहायला आल्यावरची शेवटची थोडीच वर्षं तुला ओळखत होती. परवा तिनं विचारलं, "मामा असे दात मिटून का बोलायचे?" तेव्हा तिच्यासाठी म्हणून लिहून ठेवते. तू ऐकून घे, आणि चुकलं तर सवयीनं टोक.

तू लहान असताना कानाचं दुखणं झालं. कान वाहिला, तापानं फणफणलास, आणि ताप उतरला तेव्हा जबडा सांध्यात धरला तो धरलाच. वरचे दात खालच्या दातांवर बसले ते हलेनात. त्या वेळच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं कडेचे दोन दात काढून फट करून दिली, आणि मग त्या फटीतून जे आत जाईल ते तुझं जेवण. लहान लेकरांना दूध पाजायला चोचीचं भांडं असतं ना, बोंडलं, ते तुझं ताट झालं. मिसरूड फुटलं तरी बोंडलं सुटलं नाही. बोलणं मात्र अडलं नाही. दात न उघडता बोललं की ओठ तेवढे हलतात आणि माणूस रागावल्यासारखा दिसतो. पुढं कळंबच्या बाजारात तू धान्याच्या आडतीवर दिवाणजी म्हणून लागलास, तेव्हा लोक तुझ्याशी घासाघीस करायला बिचकायचे. शेटजींना तू उगाच आवडत नव्हतास.

आणि घरी? घरी मी भाकरी मोडली की तुझं सुरू. "कशी लागती गं?" आधी मी "चांगली लागती" म्हणायची. त्यानं तुझं भागायचं नाही. "चांगली म्हंजे? पापुद्रा आधी मोडतो का दात आधी आत जातो? आवाज होतो का? कडेचा घास आन् मधला घास एकच लागतो का?" मी दहा-बारा वर्षांची पोर, मला काय सांगता येणार? पण तू हटायचा नाहीस. मग मी सांगायला लागले. पापुद्रा कसा आधी कुरकुरतो, मग आतली वाफ जिभेला लागते, मग ज्वारीचा गोडवा मागनं येतो. सांगता सांगता माझीच जीभ सैल सुटायची आणि मी चार गोष्टी वाढवायची. हुरड्याच्या दिवसांत तर विचारू नको. एकेका कोवळ्या दाण्याला मी फुटायला, उडायला, टाळ्याला चिकटायला लावायची. नात्यागोत्यात मला आजही थापाडी म्हणतात. त्यांना काय ठाऊक, माझी शाळा कुठं झाली ती.

संस्थान गेलं, आपला मुलूख मोठ्या देशात मिळाला, आणि त्यातलं आपल्याला पहिलं काय कळलं असेल तर सोलापूर जवळ आलं. आधी वाटेत करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका, झडती, वर खिशातला पैसा संस्थानी हाली का इंग्रजी कलदार हा घोळ. ते हळूहळू मिटलं. आई तुला घेऊन सोलापूरच्या डॉक्टरांकडं गेली. सोबत मी, कारण आईला बाहेरगावी कुणी काय बोललं ते घरी येऊन सांगायला मी लागायची.

डॉक्टर मोठे उमदे. त्यांनी तुझा जबडा चाचपला, तुझ्या फटीत बॅटरीचा उजेड मारला आणि म्हणाले, "तोंड उघडता येईल. पुण्याहून एक सर्जन आमच्याकडं येतात, ते हे करतात. पण या माणसाला टेबलावर घ्यायचं तर अंगावर काही पाहिजे. निव्वळ हाडं आहेत. सव्वा मण वजन भरू द्या, मग या." सव्वा मण म्हणजे आताचे सेहेचाळीस-सत्तेचाळीस किलो. वर त्यांनी चिठ्ठी दिली. डब्यातली ताकदीची पावडर, मोसंब्यांचा रस आणि माशाच्या तेलाची बाटली. आईनं ती बाटली घरात घेतली, पण स्वयंपाकघरात नाही. न्हाणीच्या खिडकीत तिला जागा मिळाली.

बाकी सगळं निभलं असतं, पण डबा! तुझा पगार हातात आला की त्यातला मोठा लचका तो डबा तोडायचा, आणि महिना सरायच्या आधी तळ दाखवायचा. आई चमच्यावरची पावडर सुरीच्या पाठीनं सपाट करून घालायची. तू म्हणायचास, "आई, सोनाराकडं शिकलीस का?" महिनाअखेरीला ती पाणी वाढवायची. तू बोंडल्याची चोच फटीत धरून एक घोट घ्यायचास, थांबायचास आणि विचारायचास, "आज डबा पाण्याला नुसता दाखवलास व्हय?"

"गप पी. रंग आलाय की."

"रंग तर भिंतीलाबी आलाय."

एकदा सोलापुरात डबा आणायला गेलो तेव्हा तू डॉक्टरांनाच विचारलंस, "साहेब, हिच्यात असतं तरी काय?" मला वाटलं, आता हे चिडतात. पण त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि सांगितलं, दुधातलं सत्त्व असतं, साखर असते, अमुक असतं. तू विचारलंस, मग हुलग्यात काय असतं? करडईत काय असतं? शेंगदाण्यात? दोन माणसांना एकाच गोष्टीचं इतकं कुतूहल असलं की बाकीच्यांचं काय होतं ते मी त्या दिवशी बाकावर बसून बघितलं. बाहेर पेशंट खोळंबले होते. शेवटी डॉक्टर म्हणाले, "डबा निम्मा करा. निम्मं तुमच्या घरचं द्या, पण शिजवून, वस्त्रगाळ करून. आणि काय होतं ते मला येऊन सांगा. मलाही बघायचंय."

झालं. तुझी प्रयोगशाळा उघडली, आणि तिची कामवाली मी.

जिन्नस विकत घ्यावा लागला नाही, कारण आडतीची वानगी होती. शेतकऱ्याची पोती आली की प्रत्येक पोत्यातनं मूठभर धान्य गिऱ्हाइकाला दाखवायला काढायचं, तिला वानगी म्हणतात. सौदा झाला की ती मूठ दिवाणजीच्या पिशवीत जायची. तशी रीतच होती. इतर दिवाणजी ती पिशवी घरच्या दळणात ओतून मोकळे होत. तू वेगवेगळ्या पुड्या बांधून आणायचास. हा अमक्या गावचा हुलगा, ही तमक्या शिवारातली करडई. हुलगा भाजून, दळून त्याचं पातळ माडगं. शेंगदाणे वाटून त्यांचं दूध. करडई भिजवून, कांडून, पिळून तिचं पांढरंफेक दूध, त्यात गुळाचं पाणी. मलमलीचं फडकं पिळून पिळून माझ्या मनगटात गोळे यायचे. आणि तू घोट घेऊन सांगायचास, "परवाची करडई जास्त बरी होती. ही काळ्या रानातली न्हाय." मी म्हणायची, "राजे, माप कमी आहे का सांगा, रान नका सांगू."

आता गुळाचं सांगते, कारण खरं भांडण तिथंच होतं.

तुझ्या पहिल्या तापात आई तुळजापूरच्या देवीला बोलून बसली होती, की पोरगा अंगानं भरला की गुळानं तोलीन. तुळजापूरला अशी गूळतुला करतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. पारड्याच्या एका अंगाला माणूस, दुसऱ्या अंगाला गूळ. आता गंमत अशी झाली, की तू भरायला पाहिजे म्हणून घर रिकामं होत होतं, आणि तू जितका भरशील तितका गूळ वाढत होता. दोन्हीकडनं खर्च! आई दर बाजाराला थोडा थोडा गूळ घेऊन ढेपा माळ्यावर रचत होती. तू बोंडलं हातात घेऊन तिला विचारायचास, "आज गुळाचा भाव काय गं? उतरू दे जरा, मग मी जाड होतो."

आणि मग तुझा तो हिशेब. "आई, आत्ताच तोलून टाक मला. हाडं आहेत तवर स्वस्तात पडल."

आई हातातलं काम टाकून कपाळाला हात लावायची. "देवीला फसवतो व्हय रे? भरल्या अंगानं तोलीन म्हणाले मी."

"भरलं अंग म्हंजे किती, ते बोलली होतीस का? देवीनं माप विचारलं होतं का?"

"तिला माप कळतंय."

"मग मला आत्ता किती गूळ परवडतो ते बी कळत आसल."

हे भांडण किती दिवाळ्या चाललं देव जाणे. मी दोघांचीही बाजू घ्यायची, ज्याच्या पाठीमागं असेन त्याची.

सोलापूरच्या डॉक्टरांकडं जाऊन-येऊन वजन बघणं परवडणारं नव्हतं. म्हणून तुझं वजन आडतीच्या काट्यावर व्हायचं. बाजार उठला की रसूलभाई मापाडी एका पारड्यात तुला बसवायचे, दुसऱ्यात वजनं टाकायचे. मापाडी एक म्हणत नाही, 'लाभ' म्हणून मोजायला सुरुवात करतो. तुलाही ते तसंच मोजायचे. हमाल गोळा व्हायचे. "दिवाणजी, आज शेंगाचं पोतं झालासा!" कुणी म्हणायचा, "पोतं न्हाय, पोत्याची सुतळी." आणि एका उन्हाळ्यात एके दिवशी काटा सव्वा मणावर बरोबर उभा राहिला. हमालांनी अशी आरोळी ठोकली की शेटजी चपला न घालता बाहेर आले.

आपण सोलापूर गाठलं. तू एसटीत उभ्यानंच आलास, बसलं की वजन कमी होईल अशा थाटात. आणि दवाखान्याच्या यंत्रावर चढलास तर काय? सव्वा मण राहिला दूरच. डॉक्टरांनी यंत्राची सुई ठोकून बघितली, स्वतः चढून बघितलं, मग तुझ्याकडं बघत म्हणाले, "कळंबहून निघाला होता तो माणूस वाटेत कुठं उतरला?"

मला हसू आलं आणि आईला रडू. येताना तू एसटीत खिडकीबाहेर बघत राहिलास. तुझ्या दात मिटलेल्या चेहऱ्यावर काही वाचता येत नाही असं लोक म्हणतात, पण त्या दिवशी मला वाचता येत होतं. तेव्हा पहिल्यांदा वाटलं, की तुला भाकरीची गोष्ट ऐकायला आवडते म्हणून आम्ही हे सगळं खेळासारखं चालवलं, आणि तू मात्र खरोखरची भाकरी मनात धरून बसलायस.

दुसऱ्या दिवशी तू आडतीवर जाऊन काटा तपासलास. काटा चोख होता. वजनं चोख होती. मग तू रसूलभाईंकडं नुसतं बघितलंस.

रसूलभाई जुने मापाडी. पारड्याला गुडघा कधी आणि कसा लागतो ते समोरच्याला दिसू न देणं ही त्यांची जुनी कला. आजवर तो गुडघा नेहमी शेटजींच्या बाजूनं लागत आला होता. तुझ्या वेळी तो तुझ्या पारड्याला लागला.

"क्या करूं दिवानजी," ते म्हणाले, "दिल नै माना. तुम्ही पारड्यात बसला की माझ्याकडं बघता. बाजारातलं एक पोतं कधी असं बघत न्हाय."

तू हसलास. मिटल्या दातांतून तुझं हसणं शीळ घातल्यासारखं यायचं. हमालांनाही हसू फुटलं. पण घरी येऊन तू बोंडलं पालथं घातलंस आणि म्हणालास, "आई, डबा बंद कर. एवढं घालून एवढंच भरतंय. आहे तसा बरा आहे मी."

त्या रात्री कुणी भांडलं नाही, आणि तेच वाईट होतं. सकाळी उठून बघते तर आई माळ्यावरच्या ढेपा खाली उतरवत होती.

"कुठं?" मी विचारलं.

"तुळजापूरला. ह्याला तोलायला."

तू अंथरुणातून उठून बसलास. "आता? भरल्या अंगाचं काय झालं?"

"तू उठतो का गूळ एकटीच नेऊ?"

आपल्या पुजारीबुवांच्या ओसरीवर तराजू टांगला. गुळाच्या ढेपा चढत गेल्या आणि तू वर वर आलास, पाय हवेत, चेहरा नेहमीसारखा रागीट. पारडी सारखी झाली तेव्हा आईनं पदर पसरला आणि देवळाच्या दिशेनं तोंड करून मोठ्यानं म्हणाली, "आज आहे तेवढा तुझा. हितनं पुढं वाढंल तो माझा. ह्यात आता बदल न्हाय."

पुजारीबुवा तुळजापूरचे, त्यांनी नाना तऱ्हेचे नवस बघितले असतील, पण तेही मान वळवून आईकडं बघायला लागले. मग प्रसाद म्हणून गुळाचा मोठा वाटा परत आईच्या पदरात घालून म्हणाले, "बाई, देवीशी असा चोख सौदा करणारं माणूस आमच्याकडं क्वचित येतं."

परतीच्या एसटीत तू मला हळूच म्हणालास, "बघ, मी म्हणत होतो तेच केलं तिनं. फकस्त माझ्या तोंडनं नको होतं." मला मात्र अजून वाटतं, तुझं आणि तिचं एक नव्हतं. तू गूळ वाचवायला बघत होतास. तिनं तुला सोडवून घेतलं. यावर आपलं पुरतं बोलणं कधी झालंच नाही.

तो प्रसादाचा गूळ करडईच्या दुधातून तुझ्या पोटात गेला. रसूलभाईंच्या घरून रोज दुपारी आडतीवर झाकलेला पेला यायचा. त्यात दुधात काय फेटलेलं असायचं ते आईनं कधी विचारलं नाही, फक्त "पेला घासून परत देत जा" एवढं म्हणाली. डबा निम्म्यावर राहिला, पण राहिला. आणि काट्यावर बसताना तू रसूलभाईंना चार हात लांब उभं करायला लागलास. मोजायचे ते लांबूनच. वजन मुंगीच्या पावलांनी वर गेलं, पण या खेपेला सोलापूरच्या यंत्रानं ते खोटं पाडलं नाही.

ऑपरेशन झालं. दवाखान्यातले ते दिवस मी सांगणार नाही, तुला आवडायचं नाही. नंतर लाकडाची पाचर दातात धरून, रोज थोडी थोडी पुढं सरकवत तोंड उघडायचा सराव. डोळ्यांतनं पाणी यायचं आणि तरी तू मध्येच पाचर काढून विचारायचास, "आरसा कुठाय? जीभ बघू दे. लई वर्सांत गाठ न्हाय पडली."

आणि मग तो दिवस. डॉक्टरांनी परवानगी दिली होती. आईनं चुलीपुढं बसून एकच भाकरी केली, जणू दुसरी केली तर पहिलीला वाईट वाटेल. मी माहेरी आले होते. रसूलभाई ओसरीवर टेकले होते. तू पापुद्र्याचा तुकडा मोडलास, तोंडात ठेवलास आणि दातांखाली धरलास. आम्ही तिघंही तुझा जबडा बघत होतो. खाली, वर. खाली, वर. किती तरी वेळ चावलंस. मग गिळलंस. आणि माझ्याकडं वळून म्हणालास,

"एवढंच?"

कुणाला काही कळेना. रसूलभाईंनी हळूच विचारलं, "नमक कम है क्या?"

"न्हाय. चांगली आहे. पण हिनं सांगितलेली न्हाय ही." तू माझ्याकडं बोट केलंस. "तुझ्या भाकरीत तर वाफ होती, आवाज होता, मागनं गोडवा येत होता. हिच्यात सगळं एकदम येतं आन् जातं. लई वाढवून सांगत होतीस गं तू."

आई हसत हसत रडायला लागली आणि पदरात तोंड लपवून दुसरी भाकरी थापायला बसली. ती भाकरीही तू खाल्लीस. तिच्यावरची तिसरीही.

त्या दिवसापासून आपला खटला सुरू झाला. मी म्हणायची, तुला नीट चावता येत नाही, घाई करतोस. तू म्हणायचास, मी थापाडी. पुढं आई गेली, आडत बदलली, मण-शेर जाऊन किलो आले, आणि पंगतीत सगळे उठले तरी तू एकटा सावकाश चावत बसलेला असायचास. कुणी हटकलं तर म्हणायचास, "बहिणीचा गोडवा शोधतोय. मागनं येतो म्हणाली होती." दात मिटून बोलायची सवय मात्र तोंड उघडल्यावरही गेली नाही. म्हणून तर बाजाराला तू अबोल वाटलास.

दादा, एक विचारायचं राहिलं. तू चार दिवसांच्या तापात गेलास, छाती भरली, आणि मी उशाशी बसून काढा घेतोस का, पाणी घेतोस का, एवढंच विचारत राहिले. मला विचारायचं होतं ते वेगळंच. मी सांगत होते आणि तू फटीतून पेज ओढत ऐकत होतास, त्या वर्षांत तुझ्या मनात जी भाकरी झाली होती, ती लागायची कशी? माझ्या थापांतनं तू केलेली, पण ती काही माझी नव्हती. मला भाकरी सांगता यायची. तुझी ती मला कुणी सांगितलीच नाही. आणि ती चवीला इतकी मोठी असेल, की खरी भाकरी तिच्यापुढं 'एवढंच' व्हावी, तर तुझं आम्हाला वाटलं तेवढं काही उणं होतं का? का हेही मी वाढवूनच सांगतेय?

काल सुतक फिटल्यावर सुनेनं घरात पहिल्यांदा चूल नीट पेटवून भाकरी केली. वाढून समोर बसली आणि म्हणाली, "आत्याबाई, कशी झालीया?"

मी घास मोडला आणि बोलायला लागले. पापुद्रा कडेला थोडा करपलाय, त्यानं आधी कडू लागतं, पण ते कडू टिकत नाही. मधला भाग मऊ आहे, तिथं दात आवाज न करता जातो. ज्वारी यंदाची नव्हे, जुनी असावी, गोडवा यायला वेळ घेतोय, पण थांबलं तर येतोय. सांगता सांगता मी दुसरा घास घेतला, ताडून बघितला, पुन्हा सांगितलं.

पोरगी माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग घाबरत म्हणाली, "म्हंजे... बरी झाली का न्हाय?"

"बरी झाली," मी म्हणलं. "खा तू."